डावीकडचे शर्ट

४ फेब्रुवारी

कपड्यांवर छपाई करणाऱ्या तमाम बंधू-भगिनींनो, आपण सगळे एकाच यंत्राने भाजलेले आहोत, आणि ते यंत्र म्हणजे ड्रायर!

वाक्य सकाळी दात घासताना तयार झालं. ऐकायला कोणी नाही, म्हणून वहीत. वीस वर्षं कारखान्यांच्या फाटकांसमोर बोलले, हजार हजार माणसं तासभर उन्हात उभी केली. आता समोर बारा माणसं, छपाईची दोन मशीनं आणि ही आठ मीटर लांबीची पत्र्याची भट्टी. एका तोंडाने ओल्या शाईचा शर्ट आत जातो, पट्ट्यावरून सरकत दुसऱ्या टोकाला शाई पक्की होऊन बाहेर येतो. तेवढंच तिचं काम, तेही कण्हत कुंथत. दादाने ती एका बंद पडलेल्या छापखान्यातून उचलून आणली, तेव्हाच म्हणाले होते – दुसऱ्याचं दुखणं घरात आणतोयस. दादा म्हणाला, "भोंगा वाजला." घरात माझं नाव भोंगा.

आज मावशी नाहीत. टोकावरच्या मावशी – आठ वर्षं पट्ट्याच्या शेवटी उभ्या राहून शर्ट उचलायचे, घडी घालायची, खोक्यात भरायचे. मुलीचं घर हलवायचंय म्हणून दोन दिवस रजा. इकडे धावणाऱ्यांच्या क्लबची सहा हजार शर्टांची ऑर्डर चालू. काळे शर्ट, छातीभर पांढरी छपाई. दादा म्हणाला, टोकाला कुणाला उभं करू? मी म्हणाले, मला.

केलंच! संध्याकाळपर्यंत अकराशे पन्नास. मावशींचा आकडा सातशेच्या वर कधी गेलेला आठवत नाही. दुपारी उंच्या – मशीनवरून छापलेला शर्ट उचलून पट्ट्यावर ठेवणारा आमचा ताडमाड कारागीर – मान वळवून म्हणाला, "ताई, ते डावीकडचे जरा..." मी म्हणाले, "उंच्या, तू तुझं मशीन बघ, टोक मी सांभाळते." सगळे हसले. लोक हसले की मला बरं वाटतं. मान्य आहे.

५ फेब्रुवारी

परत टोकाला मी. बाराशे! कोपरांवर चटके, डोळ्यांत शाईचा धूर. रोज आठ तास हे सोसणाऱ्या बाईविषयी आदर वाटला. आणि प्रश्नही पडला – ती इतकी सावकाश कशी?

६ फेब्रुवारी

मावशी आल्या. मी माझे आकडे सांगितले. टोचून नाही, पण सांगितले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, जिथे काल खोकी रचली होती. "सगळी गेली का, ताई?"

"गेली. सकाळीच टेम्पो लागला."

"बरं," म्हणाल्या आणि हातमोजे घातले.

दिवसभर बघत होते. बाई एका जागी ठरत नाहीत. चार शर्ट उचलले की भट्टीच्या कडेने चालत पार पुढच्या तोंडाशी. पाण्याचं पिंप तिथे आहे. इतकी तहान? शेवटी म्हणाले, "मावशी, फेऱ्या कमी करा. पट्टा माणसासाठी थांबत नाही." मशीनवरच्या पोरी खुसखुसल्या. मावशी म्हणाल्या, "हो ताई." आणि पाच मिनिटांत परत निघाल्या पुढे, हातावर शर्ट टाकून.

२३ फेब्रुवारी

सहा खोकी परत आली.

क्लबचा व्यवस्थापक स्वतः आला होता. एक शर्ट दोन्ही हातांनी ताणला आणि आमच्या डोळ्यांदेखत छातीवरची अक्षरं तडकली, वाळलेल्या चिखलासारखी. "दोन धुण्यांत ही अवस्था. पोरं धावून आली की अंगावरून पांढरे पापुद्रे झाडतात." एकेका खोक्यात अर्धे शर्ट ठणठणीत, अर्धे असे. बाकीची खोकी नीट आहेत म्हणाला. मार्चअखेर नवे शर्ट आणि काय चुकलं ते लेखी, नाहीतर पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे. आमचं निम्मं वर्ष त्या क्लबवर चालतं. तो हे ओरडून बोलला असता तर मला आवडलं असतं. तो थंडपणे बोलला.

खोक्यांबरोबर एक यादी होती. दादाने न वाचताच खिळ्याला अडकवली. यादी काय करायची आहे, रोग डोळ्यांसमोर आहे! शाई पक्की व्हायला एकशेसाठ अंश उष्णता लागते, ती वरवर नाही, शाईच्या थराच्या तळापर्यंत. भट्टी कमी पडली. आठ वर्षं सांगतेय.

दादा खाली बसला. वहिनी शाई कालवता कालवता थांबल्या. "नवा ड्रायर घ्यायचाच," दादा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याआधी माझं मत बोलला. मला त्याचाही राग आला.

२५ फेब्रुवारी

नवे ड्रायर विकणारा सूटवाला आला. सूट राखाडी, बूट असे की त्यात आमच्या छताचे पत्रे दिसत होते. बोटांना शाईचा एक ठिपका नाही, आणि हा मला छपाई शिकवणार. "मॅडम, आमचं मशीन बोलतं. पडद्यावर सगळं सांगतं."

दादा म्हणाला, "बोलणारं एक आहे आमच्याकडे. न बोलणारं दाखवा."

यावर वहिनी इतक्या हसल्या की शाईचा डबा कलंडला. मी नाही हसले. माहितीपत्रक घेतलं आणि संध्याकाळपर्यंत वाचून काढलं. बत्तीस पानं. तापमान बावीस ठिकाणी लिहिलंय, पण ते शाईचं की आतल्या हवेचं, हे एकाही ठिकाणी नाही. खोटं न बोलता फसवायची ही जुनी युक्ती आहे. राजांच्या जाहीरनाम्यांत वाचली, मालकांच्या करारांत वाचली, आता ड्रायरच्या पत्रकात.

२७ फेब्रुवारी

सूटवाल्याचा फोन. तीनदा. सवलत फक्त शुक्रवारपर्यंत, म्हणे. शुक्रवारी जग बुडणार आहे का?

१ मार्च

दादाच्या हट्टाखातर जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याकडे. गावाबाहेर पत्र्याची शेड, आत मेलेल्या यंत्रांच्या रांगा. गॅसवर चालणारा ड्रायर दाखवला. हिरवा, चकचकीत.

"किती वर्षं चाललाय?"

"चाललाच नाही ताई, म्हणून तर नवा आहे."

"मग हा गंज?"

"तो आधीच्या मालकाचा."

दाराला हात लावला तर तळवा हिरवा झाला. रंग ओला होता! मी तो हात त्याच्या टेबलावरच्या कोऱ्या पावतीपुस्तकावर उमटवला आणि म्हणाले, घ्या, माझी सही. दादाने गाडी वळवली. घराजवळ आल्यावर म्हणाला, "बरं झालं हात लावलास." त्याच्याकडून एवढं आलं म्हणजे खूप आलं.

४ मार्च

सूटवाल्याच्या शोरूममध्ये. दादा, मी, वहिनी. गार हवा, काचेच्या भिंती, मधोमध तो पांढराशुभ्र ड्रायर, आमच्या पट्ट्याच्या दीडपट रुंद. त्याच्या माणसाने एक शर्ट छापला, पट्ट्याच्या मधोमध ठेवला. मी माझी तयारी करून गेले होते. उष्णतेने रंग बदलणारी कागदी पट्टी बरोबर नेलेली, ती शाईला चिकटवूनच शर्ट आत सोडायला लावला. बाहेर आला. एकशेचौसष्ट! ताणला, मुठीत धरून पिळला. हूं की चूं नाही.

आणि टोकाला माणूस नाही. यंत्राचा हात शर्ट उचलतो, घडी घालतो, रचतो. बघत राहिले. माझ्या कोपरांवरचे चटके अजून गेलेले नाहीत.

मग मी बोलले. अगदी ठरवून नाही. माणसाला भट्टीच्या तोंडाशी उभं करायचा काळ संपला पाहिजे, यंत्राचं काम यंत्राने करावं, माणसाने माणसाचं. शोरूममधले चार-पाच जण काम सोडून ऐकायला आले. शेवटी टाळ्या. सूटवाल्यानेही वाजवल्या, आणि मला ते खटकलं नाही. आज इथे लिहिताना खटकतंय.

५ मार्च

जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांना एकत्र केलं. दादा म्हणत होता, आपण मालक, आपण ठरवू. मी म्हणाले, ज्यांनी यंत्राशी झुंजायचं त्यांनी ठरवायचं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

पंचवीस मिनिटं बोलले. चांगली बोलले. हा धूर कुणाच्या छातीत जातो, हे चटके कुणाच्या हातावर उठतात. मावशींचा हात धरून वर केला, सगळ्यांना दाखवला. जुन्या डागांची रांग, मनगटापासून कोपरापर्यंत. दोन पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग विचारलं – सूटवाल्याच्या ड्रायरला कोण कोण?

बारा हात. मावशींचाही. हात तर मी धरूनच ठेवला होता, पण सोडल्यावरही तो वरच राहिला.

६ मार्च

दादा चहाच्या वेळी, बशीत बघत. "मग मावशींचं काय करायचं?"

"म्हणजे?"

"टोकाला यंत्र उचलणार, यंत्र रचणार. कालच तर तू सांगितलंस."

"मावशी पॅकिंगला जातील."

"पॅकिंगला तीन आहेत, दोघींचंच काम आहे."

मी म्हणाले, मग चौघी मिळून कमी काम करू देत. तो म्हणाला, "हे तू फाटकाबाहेर बोलायचीस तेव्हा ठीक होतं. आता तू फाटकाच्या आत आहेस." डोक्यात तिडीक गेली. कप आपटला, बशी फुटली. यंत्र आलं की आधी माणूस वजा होतो, हे मी पुस्तकांत दहादा वाचलं, शंभरदा फाटकावर सांगितलं. आणि परवा स्वतःच्या तोंडाने त्याच वजाबाकीला टाळ्या मिळवल्या.

७ मार्च

दादाने मावशींना सांगून टाकलं. महिनाअखेरपर्यंत. मला न विचारता.

त्या म्हणाल्या, "बरं दादा." आणि खोकं चिकटवून पूर्ण केलं.

९ मार्च

आज कळलं.

मावशींनी जायच्या आधी उंच्याला टोकाचं काम शिकवावं, असं दादाने सांगितलं होतं. नवा ड्रायर बसेपर्यंत कुणीतरी हवं ना. मी पाण्याच्या पिंपाशी उभी होते. पट्ट्यावर दोन रांगा असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. मावशी सांगत होत्या, "उजवीकडचा थेट घडीला. डावीकडचा हातावर. चार जमले की पुढे नेऊन परत पट्ट्यावर, या खेपेला उजवीकडे."

"म्हणजे डावीकडचा दोनदा," उंच्या म्हणाला. विचारला नाही. म्हणाला. त्याला माहीत होतं.

मी पुढे झाले. "दोनदा का?"

उंच्याने मावशींकडे पाहिलं. मग मावशी म्हणाल्या, "डावी बाजू गार आहे, ताई."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून."

आठ वर्षं! आठ वर्षं ही बाई प्रत्येक डावीकडचा शर्ट हातावर टाकून भट्टीच्या कडेने आठ मीटर चालत गेली आणि परत आली. आम्ही म्हणालो, तहान लागते. आम्ही म्हणालो, हात संथ आहे. मी म्हणाले, फेऱ्या कमी करा. जितक्या शर्टांचे पैसे आम्ही घेतले, त्यातले निम्मे तिच्या पायांनी पक्के झाले. आणि हे छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. उंच्याला, मशीनवरच्या पोरींना, पॅकिंगला. माहीत नव्हतं ते दोघांना – दादाला आणि मला.

मी ओरडले. हो, त्यांच्यावरच. "सांगायचं नाही का? तोंड नव्हतं?"

मावशींनी हातमोजा काढला. "सांगितलं होतं, ताई. पहिल्याच महिन्यात. तुम्ही सगळ्यांना गोळा केलंत आणि यंत्र आणि माणूस यावर बोललात. खूप छान बोललात. मग सुट्टी संपली."

उंच्या काहीतरी बोलायला गेला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

घरी येऊन माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. आठ वर्षांपूर्वीची सापडली. तो दिवस आहे. साडेतीन पानं आहेत. माझी वाक्यं आहेत, कुठे टाळ्या पडल्या ते आहे. भट्टीच्या डाव्या बाजूविषयी एक शब्द नाही.

१० मार्च

वायरमनला बोलावलं. झाकण उघडलं, टॉर्च मारला, हसला. डावीकडच्या तापणाऱ्या सळया मेलेल्या. "कधीपासून?" "कोळिष्टकं बघा ना, ताई." आता त्या बनतही नाहीत म्हणाला. म्हणजे नवा ड्रायर लागणारच. झाकण उघडायला त्याला चार मिनिटं लागली. आठ वर्षांत चार मिनिटं मिळाली नाहीत आम्हाला.

११ मार्च

सकाळी मावशींना विचारलं, नवा ड्रायर पसंत आहे का? आधी विचारायला हवं होतं, पण विचारलं.

"मी पाहिला कुठे?" म्हणाल्या. मग शर्ट उचलता उचलता, "पट्ट्याच्या कडेला शर्ट ठेवून बघितलात का?"

नाही. मधोमध ठेवला होता. त्यांच्या माणसाने ठेवला, आम्ही बघत राहिलो. मी तर बोलत होते.

त्यांना घेऊन शोरूमला गेले. दादाही आला, तोंड पाडून. मावशींनी पिशवीतून आमचे काळे शर्ट काढले, जाड कापडाचे. शोरूमचा नमुना पातळ पांढरा होता, हेही मला तेव्हा सुचलं नव्हतं. चार शर्ट छापून घेतले. पट्ट्यावर शेजारी शेजारी, कडेपासून कडेपर्यंत. मग एकामागून एक तशाच रांगा सोडायला लावल्या. "एका शर्टाला कुठलीही भट्टी तापते," म्हणाल्या. "भरली की कळतं."

पाचव्या रांगेला कडेचे शर्ट त्यांनी ताणले. डावा तडकला. उजवाही.

सूटवाला म्हणाला, "मावशी, शर्ट मधोमध ठेवायचा असतो."

"मग पट्टा एवढा रुंद कशाला?"

तो दादाकडे बघायला लागला. दादा छताकडे. मी तोंड उघडलं, माझ्याकडे त्याच्यासाठी अर्ध्या तासाचा मजकूर तयार होता. मावशी शर्टांची घडी घालत म्हणाल्या, "चला ताई, इथलं झालं."

१२ मार्च

दादाच्या ओळखीचा एक लोहार आहे. खरं तर पत्र्याची कामं करणारा, पण सगळे लोहारच म्हणतात. स्वतःच्या वर्कशॉपमध्ये ड्रायर बनवतो, वर्षाला पाच-सहा. पत्रक नाही, पडदा नाही, कपाळाला काजळी. त्याचा ड्रायर ओबडधोबड, पट्टा आमच्याएवढाच. पण डावी बाजू, उजवी बाजू आणि मधला भाग यांना वेगवेगळे खटके. जिथे गार वाटेल तिथे वाढवायचं. वर धूर ओढून नेणारा पाइप.

मावशींनी तासभर शर्ट सोडले. कडेचे, मधले, भरलेल्या पट्ट्यावर, रिकाम्या पट्ट्यावर. लोहार एका स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही कुठे काम करता?" मावशी म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत यांच्याकडे."

दादाने तिथल्या तिथे होकार दिला. लोहार वीस तारखेला बसवून देतो म्हणाला. यंत्राचा हात नाही, म्हणजे टोकाला माणूस लागणार. मला वाटलं, सुटला प्रश्न. मी गाडीत शीळ घालत होते.

१३ मार्च

सुटला नाही.

दादाने क्लबला द्यायचं पत्र लिहिलंय. उद्या जाणार. "पट्ट्याच्या टोकावरील कामगाराने ठरलेली पद्धत न पाळल्यामुळे काही शर्टांची छपाई अपक्व राहिली. सदर कामगारास कामावरून कमी करण्यात आले आहे."

मी ते पत्र त्याच्या तोंडावर फेकलं. "ठरलेली पद्धत? कुणी ठरवली? तूच? जी पद्धत तुला परवापर्यंत माहीतच नव्हती?"

तो शांत होता. म्हणाला, "ओरडून झालं? आता मला सांग. मावशी डावीकडचा प्रत्येक शर्ट दोनदा घालतात. बरोबर? आठ वर्षं एक तक्रार नाही. बरोबर? मग ही सहा खोकी कशी आली? प्रत्येकात नेमके अर्धे शर्ट खराब. म्हणजे त्या दिवसांत डावीकडचे एकदाच गेले. म्हणजे त्यांनी कंटाळा केला. माणूस आहे, होतं. पण क्लब विचारतोय कोण चुकलं, आणि कुणीतरी तर चुकलंच ना?"

वीस वर्षांत पहिल्यांदा समोरच्याचं म्हणणं खोडता आलं नाही. म्हणून दुप्पट मोठ्याने बोलले. वयाबद्दल, पायांबद्दल, आमच्या कृतघ्नपणाबद्दल. सगळं खरं, आणि एकही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी असते तर म्हणाले असते, हिला कुणीतरी पाणी द्या." माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, आणि खरंच, ते हेच म्हणायचे. त्यावरून वहिनींवरही ओरडले.

मग मावशींकडे गेले. सरळ विचारलं, "मावशी, खरं सांगा. कधी दुसरी फेरी चुकली का?"

"नाही, ताई."

"मग ही सहा खोकी?"

त्या घडी घालत राहिल्या. बाह्या मागे, मधून एकदा, खालून एकदा. मग म्हणाल्या, "जाऊ द्या ना. तुम्ही माझा हात सगळ्यांसमोर वर धरलात. तसं कुणी धरत नाही."

हे काय उत्तर झालं? मला राग आला. वाटलं, लपवतायत काहीतरी. दादाचंच बरोबर असेल, असंही वाटलं. मशीनवरून उंच्या माझ्याकडे बघत होता, एकटक, आणि मी त्याला म्हणाले, "काय बघतोस? मशीन बघ."

१४ मार्च

दुपार. दादा पत्रावर शिक्का मारायला शाईची पेटी शोधतोय. ती खिळ्यामागच्या फळीवर असते. काढताना क्लबची यादी खाली पडली. उचलली. परत आलेली सहा खोकी, प्रत्येकावर आमचाच पॅकिंगचा दिवस. तीन खोक्यांवर चार फेब्रुवारी. तीन खोक्यांवर पाच फेब्रुवारी.

ही वही उघडली. पहिलं पान. अकराशे पन्नास. दुसरं. बाराशे!

"सगळी गेली का, ताई?" – त्यांना त्या सकाळीच कळलं होतं.

दादाच्या हातातून पत्र काढून घेतलंय. तो विचारतोय काय झालं, आणि मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागले की भाषण होईल. ऊठ, बाई. पट्टा बंद कर. सगळ्यांना बोलाव, मावशींना पुढे बसव, टोकाला उभी राहा आणि चार फेब्रुवारीचं पान जसं लिहिलंय तसं मोठ्याने वाच. एक शब्द पदरचा घालू नकोस.